पडलेला पाना आणि इंजिनातली जागा

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत चालकाच्या पायांखालच्या फळ्या उचलल्या की गिअरबॉक्सवरचं एक लहानसं झाकण दिसायचं. सहा स्क्रू काढले की ते हातात यायचं. आत शेजारी शेजारी तीन पट्टे असत: एक सावकाश गतीचा, एक गाडी मागे घेण्याचा आणि एक ब्रेकचा. पट्ट्यांना सुती विणीचं जाड अस्तर असे. ते झिजलं की पट्टे आवळावे लागत, आणि मागे घेण्याचा व ब्रेकचा पट्टा आवळायचा तर पाना याच तोंडातून आत घालावा लागे. हात जेमतेम जाईल एवढीच ती जागा, आतलं सगळं तेलाने माखलेलं, आणि पट्ट्यांच्या पुढे फ्लायव्हील. त्या फ्लायव्हीलवर १६ लोहचुंबक बसवलेले असत. त्यांच्या फिरण्यातूनच ठिणगीची वीज तयार होई. चुंबक आणि त्यांच्यासमोरची तांब्याच्या तारेची वेटोळी यांच्यात फट होती सुमारे इंचाच्या बत्तिसाव्या भागाएवढी. हातातून निसटलेला नट, वायसर किंवा छोटा पाना या भागात पडला तर तो तेलात नुसता बुडून राहत नसे, चुंबक त्याला ओढून धरत. तसंच इंजिन फिरवलं तर लोखंडाचा तो तुकडा त्या बारीक फटीत जाऊन वेटोळी फाडू शकत असे. म्हणून झाकण काढल्याबरोबर पट्ट्यांभोवती चिंध्या कोंबायच्या आणि नटाला दोरा बांधूनच तो आत न्यायचा, ही रीत मॉडेल टी स्वतः दुरुस्त करणाऱ्यांत रूढ झाली.

या रीतीचा इतिहास वरवर पाहता किरकोळ वाटतो. कारखान्यांचा, मालकांचा, कामगारांचा इतिहास लिहिला जातो. निसटलेल्या पान्याचा कोण लिहिणार? पण मोटारीच्या आणि ट्रकच्या घरगुती दुरुस्तीचा अमेरिकेतला शंभर वर्षांचा प्रवास समजून घ्यायचा असेल तर या पान्यामागून जाण्याइतकी चांगली वाट नाही, असं माझं मत आहे. घरच्या दुरुस्तीबद्दल बोलताना आपण नेहमी विचारतो, की यंत्र सोपं होतं का, सुटे भाग मिळत होते का, माहिती उपलब्ध होती का. हे तिन्ही प्रश्न योग्यच आहेत, पण ते काम बिनचूक पार पडेल असं गृहीत धरतात. शिकत शिकत काम करणाऱ्याच्या हातून चूक होणारच. तेव्हा खरा प्रश्न असा, की झालेली चूक घरच्या घरी निस्तरता येत होती का? पडलेलं अवजार ज्या यंत्रातून परत काढता येतं, तेच यंत्र घरी दुरुस्त करता येतं. बाकीच्या यंत्रांचे नटबोल्ट घरी सोडवता येतात, एवढंच. अमेरिकेतल्या घरगुती दुरुस्तीची चढती आणि उतरती कळा याच एका गोष्टीने बऱ्याच अंशी ठरली, असं मला पुराव्यांवरून वाटतं.

मॉडेल टी १९०८ च्या ऑक्टोबरात बाजारात आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक संख्येने तयार झाली. १९१७ मध्ये त्याच इंजिनावर एक टन वजन वाहणारा मॉडेल टीटी ट्रक आला. कारखाना त्याची नुसती चेसिस ६०० डॉलरला विकत असे. वरचा सांगाडा गावच्या सुताराकडून करून घ्यायचा, नाहीतर स्वतः ठोकायचा. घेणाऱ्यांत शेतकरी मोठ्या संख्येने होते. अमेरिकेच्या १९२० च्या जनगणनेत सुमारे ३० टक्के शेतांवर मोटार होती, १९३० मध्ये हे प्रमाण ५८ टक्क्यांवर गेलं. शेतांवरचे ट्रक याच दहा वर्षांत सुमारे १ लाख ३९ हजारांवरून ९ लाखांवर पोचले. गॅरेज गावापासून लांब, हंगाम चार दिवसांचा, आणि माल बाजारात न्यायचा तर हाच ट्रक. अशा ठिकाणी दुरुस्ती ही हौस नव्हती, शेतीच्या कामाचाच तो भाग होता. मोटार मेकॅनिकांच्या धंद्याचा इतिहास लिहिणारे केव्हिन बोर्ग दाखवतात, की सुरुवातीच्या काळात हे ज्ञान श्रीमंतांच्या पगारी चालकांकडे होतं; पुढे लोहार, सायकलवाले आणि हाताने कामं करणारे शेतकरी त्यात शिरले. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतल्या व्यवसायशिक्षणाला सरकारी पैसा मिळाला आणि मोटारदुरुस्तीचे वर्गही भरू लागले. पण शेतावरचा बहुतेकांचा खरा गुरू म्हणजे फोर्डचं प्रश्नोत्तरांच्या रूपातलं माहितीपुस्तक आणि खळ्यातली गाडी. त्या पुस्तकात एक बारकावा आहे: गिअरबॉक्सचं मोठं झाकण परत बसवताना तिन्ही पट्ट्यांचे कान दोरीने एकत्र बांधून ठेवावेत. मालक एकटा असेल, त्याला हात दोनच असतील आणि पट्टे सरकतील, हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होतं.

हेन्री फोर्ड यांनी ही सोय शेतकऱ्यावरच्या मायेपोटी केली, असं कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. ती गाडी वारंवार उघडावी लागे, म्हणूनच ती उघडण्याची जागा ठेवणं भाग होतं. पट्ट्यांची अस्तरं झिजत, बेअरिंगचा नरम धातू वितळे, सिलिंडरमध्ये काजळी साचे. त्यामुळे सिलिंडरचं हेड बोल्ट सोडवून उचलता येईल असं केलेलं होतं, आणि सुरुवातीच्या काही वर्षांनंतर इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळालाही एक सुटी पत्री आली. ती काढली की गाडीखाली झोपून कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं आवळता येत. ठिणगीचा जोर कमी झाला तर माहितीपुस्तक आधी वरच्या विजेच्या जोडणीचा खिळा काढून त्याखाली साचलेला कचरा साफ करायला सांगे. म्हणजे आत सुती धागे आणि लोखंडाचा कीस फिरत असणार, हे कारखान्याने धरूनच ठेवलेलं होतं. आता पडलेल्या नटाच्या नजरेने हे यंत्र पाहा. वरून एक दार, खालून दुसरं, आणि डोकं तर अख्खंच निघणारं. तारेचा आकडा वरून घालता येई, तळाची पत्री काढून खालून हात घालता येई. चुंबकांनी नट पकडला असेल तर हँडलने इंजिन हळूहळू फिरवून तो दारासमोर आणता येई. तेच चुंबक धोकाही होते आणि मदतही. अर्थात प्रत्येक वेळी यश मिळत नसे. काही वेळा झाडाच्या फांदीला किंवा खळ्याच्या तुळईला साखळी लावून इंजिन बाहेर काढावंच लागे. पण तेही शेजारच्या दोघांना बोलावून साधण्यासारखं काम होतं. चुकीची किंमत फार तर एक दिवसाची मेहनत होती.

याच काळात अवजारंही बदलत होती, आणि त्या बदलाने पडण्याचे नवे प्रकार जन्माला आले. जुना पाना म्हणजे एकसंध लोखंड, सुटला तर अख्खा पडणार, आणि अख्खा दिसणारही. १९२० मध्ये मिलवॉकीत जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सायडमन यांनी पाच दांडे आणि दहा गोट्या (नटावर बसणारी पोकळ तोंडं, म्हणजे सॉकेटं) असा संच काढला. कुठलीही गोटी कुठल्याही दांड्याला बसे. स्नॅप-ऑन ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. कारागिराची पेटी हलकी झाली, अडचणीच्या कोपऱ्यातला नट हाताशी आला. पण गोटी आणि दांडा यांना धरून ठेवणारी गोष्ट होती एक स्प्रिंग आणि त्यावरची बारीक गोळी. गोटी नटावर घट्ट बसली आणि दांडा ओढला, की गोटी मागे राहणार. आणि जिथे ती राहिली तिथे बोटं पोचत नाहीत, नाहीतर गोटीपाना लागलाच नसता. हा दोष दूर करायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. मॅसॅच्युसेट्समधल्या गार्डनर गावी सीअर्सच्या दुकानात काम करणाऱ्या अठरा वर्षांच्या पीटर रॉबर्ट्सने असा दांडा बनवला, ज्यात ती गोळी जागेवर अडकून राही आणि पाठीमागची कळ दाबल्यावरच गोटी सुटे. १९६५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. सीअर्सने त्याला १० हजार डॉलर देऊन हक्क घेतले आणि तशी अवजारं लाखोंनी विकली. त्यावरून झालेला न्यायालयीन लढा १९८९ मध्ये तडजोडीने संपला. एवढ्या पैशाचा आणि एवढ्या वर्षांचा झगडा एका कळीवरून व्हावा, याचं कारण ग्राहकांना त्या कळीची किंमत बरोबर कळली होती. एका हाताने गोटी काढता येणं आणि नको तेव्हा ती न सुटणं, या दोन्ही गोष्टी बोनेटखाली वाकलेल्या माणसाला फार मोलाच्या असतात.

मॉडेल टी गेल्यावर तीस वर्षं तरी ट्रकचं इंजिन घरच्या दुरुस्तीला अनुकूलच राहिलं. १९२९ मध्ये आलेलं शेव्हरलेचं सहा सिलिंडरचं उभं इंजिन साध्या डिसमिसने सोडवता येणाऱ्या खाचेच्या बोल्टांसाठी ओळखलं जाई. सहा सिलिंडर एका ओळीत, म्हणून इंजिन लांब पण अरुंद, आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा. तिथे पाना निसटला तर बहुतेक वेळा चेसिसच्या दांड्यांवर एकदोनदा आपटून थेट जमिनीवर येई. दुसऱ्या महायुद्धात जीएमसीचे अडीच टनी ट्रक साडेपाच लाखांहून अधिक तयार झाले. ते चालवायला आणि दुरुस्त करायला जी मुलं भरती झाली त्यांतली कित्येक शेतावर अशा कामातच वाढलेली होती, आणि कित्येकांनी आयुष्यात पाना धरलेला नव्हता. त्यांच्यासाठी लष्कराने ‘आर्मी मोटर्स’ हे मासिक चालवलं. त्यात चित्रकार विल आयस्नर यांनी ‘जो डोप’ नावाचा वेंधळा शिपाई उभा केला; तो प्रत्येक काम चुकीचं करतो आणि त्याचे परिणाम भोगतो. १९५१ मध्ये त्याच परंपरेतलं ‘पीएस’ मासिक सुरू झालं. सूचनांची कोरडी पत्रकं असताना लष्कराने चुकणाऱ्या माणसाची चित्रकथा निवडली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चूक होणार हे मान्य करून तिच्यासकट काम शिकवणं हीच घरच्या दुरुस्तीची रीत होती. लष्कराने ती उचलली आणि युद्धानंतर लाखो माणसं ती घेऊन आपापल्या अंगणात परतली.

हीच अमेरिकी वाहनं आपल्याकडेही आली होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला आणि तो १९५० च्या दशकापर्यंत चालला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समधून क्रायस्लरच्या घराण्यातले डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडत. पण इथे ट्रकचा मालक स्वतः क्वचितच बोनेटखाली शिरला. ते काम मिस्त्रीचं, आणि पडलेली गोटी शोधण्याचं काम मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराचं. त्यामुळे यंत्रातली मोकळी जागा आपल्याकडे मालकाच्या स्वातंत्र्याचा विषय झाली नाही, ती रस्त्याकडेच्या गॅरेजच्या रोजगाराचा विषय झाली. तो वेगळा इतिहास आहे आणि तो स्वतंत्रपणे लिहायला हवा.

अमेरिकेत पहिली अडचण आली ती व्ही-आठ इंजिनाने. फोर्डने १९३२ मध्ये ते स्वस्तात आणलं, आणि शेव्हरलेच्या १९५५ च्या व्ही-आठने ट्रकमध्ये पक्कं बस्तान बसवलं. चार-चार सिलिंडरच्या दोन ओळी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या, आणि मधे घळ. शेव्हरलेच्या इंजिनात या घळीवर इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा-इंधन पोचवणारा भाग, झाकणासारखा बसतो. गॅसकेट गळू लागलं की तो उचलावा लागतो, आणि उचलला की अख्खी घळ उघडी पडते: व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या १६ टॅपेटांच्या दोन रांगा, काळपट तेलाचा थर, आणि तळाला तेल खाली उतरण्यासाठी ठेवलेली भोकं. वरून पाहणाऱ्याला ती भोकं लहान दिसतात. पण नट किंवा छोटी गोटी त्यांतून सहज जाते, आणि मग ती कॅमशाफ्टवरून, क्रँकवरून घरंगळत चेंबरमध्ये पोचते किंवा मधेच कुठे तरी अडकते. नुसती चेंबरमध्ये पोचली तर नशीब चांगलं. क्रँकच्या वजनाच्या आणि ब्लॉकच्या मधे अडकली तर स्टार्टर मारताच ब्लॉकला तडा जाऊ शकतो. म्हणून जाणते लोक मॅनिफोल्ड निघाल्याबरोबर सगळ्यात आधी त्या भोकांत चिंध्या कोंबतात, कार्ब्युरेटरच्या तोंडात बोळा घालतात, आणि काम संपल्यावर चिंध्या मोजून बाहेर काढतात. चेंबर उतरवायचा म्हटला तर खाली चेसिसचा आडवा दांडा येतो, चारही चाकांना जोर असलेल्या ट्रकमध्ये पुढचा डिफरन्शियल येतो. इंजिन थोडं तरी उचलावं लागतं. तरीही हे अंगणात होण्यासारखं काम होतं. मॉडेल टीपेक्षा चुकीची किंमत वाढली, पण ती आवाक्यात राहिली.

इथे एक रास्त आक्षेप येतो. पडलेली वस्तू काढण्याची साधनं तर सतत सुधारत गेली, मग चूक निस्तरणं अवघड झालं असं कसं म्हणायचं? साधनं सुधारली हे अगदी खरं आहे. १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा या जपानी धातुशास्त्रज्ञाने लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणातून पूर्वीपेक्षा कितीतरी बलवान चुंबक केला. त्या कुळातले चुंबक लांब दांड्याच्या टोकाला बसले आणि ग्रीस लावलेल्या काठीची जागा घेऊ लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सुमितोमोमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेने, स्वतंत्रपणे, निओडिमियमचे चुंबक तयार केले; आज पेनएवढ्या दांड्यावरचा तसा चुंबक भला जड पाना उचलतो. १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येतं हे दाखवलं. लवचिक नळीतून आत डोकावणारी उपकरणं त्यातून आली, आणि आता मोबाइलला जोडण्याचा नळीवरचा कॅमेरा कोणालाही परवडतो. पण या साधनांनी दिसण्याचा प्रश्न सुटला, पोचण्याचा नाही. बिडाच्या ब्लॉकमध्ये बलवान चुंबक खाली सोडला तर तो वाटेतल्या प्रत्येक भिंतीला चिकटतो. म्हणून काही दांड्यांवर चुंबकाभोवती नळकांडं चढवावं लागलं. कॅमेऱ्यात गोटी स्पष्ट दिसते, पण दोन वळणं घेऊन तिच्यापर्यंत जाणारी आणि तिला घेऊन परत येणारी वाट यंत्रातच नसेल तर तो कॅमेरा फक्त वाईट बातमी देतो. साधनांची ही प्रगती मला जागा आक्रसत गेल्याचाच पुरावा वाटते. मॉडेल टीच्या मालकाला तारेचा आकडा पुरत होता.

जागा नसेल तिथे काय करायचं याचं उत्तर विमानांच्या दुरुस्तीने फार पूर्वी दिलं. तिथे प्रत्येक अवजाराची जागा त्याच्या आकाराची कोरलेली असते, काम सुरू करताना आणि संपल्यावर मोजणी होते, आणि एक गोटी जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत विमान उडत नाही. म्हणजे यंत्रात वाट ठेवता येत नसेल तर माणसांत शिस्त ठेवायची. पण शिस्तीलाही मर्यादा आहे. १८ सप्टेंबर १९८० रोजी आर्कान्सामधल्या डमॅस्कसजवळ टायटन-दोन क्षेपणास्त्राच्या भूमिगत विहिरीत हवाई दलाचे प्रशिक्षित जवान काम करत असताना दांड्यावरून गोटी निसटली. सुमारे आठ पौंडांची ती गोटी चबुतरा आणि क्षेपणास्त्र यांच्यातल्या फटीतून सुमारे ८० फूट खाली गेली, आपटून उसळली आणि तिने इंधनाची टाकी फोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे झालेल्या स्फोटात डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा जवान मृत्युमुखी पडला आणि वीसहून अधिक जण जखमी झाले. अण्वस्त्राचं टोक फेकलं गेलं, पण त्याचा स्फोट झाला नाही. या कामासाठी नेमून दिलेला पाना वेगळा होता आणि त्या दिवशी दुसराच वापरला गेला, हेही नोंदलेलं आहे. त्यावरून कोणी म्हणेल, की बघा, शेवटी निष्काळजीपणाच. मी याचा अर्थ उलटा लावतो. जगातल्या सर्वांत कडक शिस्तीखाली, जोडीने काम करणाऱ्यांच्या हातूनही गोटी निसटते. मग रविवारी अंगणात एकटा वाकलेल्या माणसाने ती निसटू देऊ नये, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? पडणं टळत नाही. पडल्यावर काय होतं एवढंच यंत्र घडवणाऱ्याच्या हातात असतं.

१९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर अमेरिकी वाहनांच्या बोनेटखाली गर्दी सुरू झाली. धूर कमी करण्याच्या नळ्या, १९७५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग वातानुकूलन, इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, टर्बो आणि त्याचे पाइप. यांतल्या बहुतेक गोष्टी परत देऊन टाकू, असं मी म्हणणार नाही. शहरांची हवा त्यांनीच सुधारली. पण इंजिनाच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा त्यांनीच खाल्ली. निसटलेला पाना आता जमिनीवर येत नाही, तळाला लावलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर किंवा नळ्यांच्या जुडग्यात राहतो. फोर्डच्या एफ-१५० ट्रकच्या २००४ ते २००८ मधल्या ५.४ लिटर इंजिनात तर काही पडावंही लागत नसे. त्याचे दोन भागांचे स्पार्क प्लग काढतानाच तुटत, अर्धा भाग खोल विहिरीच्या तळाशी हेडमध्ये अडकून राही, आणि तो उपसायला खास अवजार बनवावं लागलं. फोर्डच्याच २००८ च्या सुपर ड्यूटी ट्रकच्या ६.४ लिटर डिझेल इंजिनाची मोठी कामं मेकॅनिक अख्खी कॅबच चेसिसवरून उचलून करतात. ज्याच्याकडे कॅब उचलण्याची लिफ्ट आहे त्याला हे जमतं. ज्याच्याकडे झाडाची फांदी आहे त्याला जमत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की आता इंजिन उघडावंच लागत नाही. मॉडेल टीचा मालक महिन्यामहिन्याला पट्टे आवळायचा. आजचा ट्रक लाख मैल तेलपाण्यावर धावतो. उघडण्याची गरज गेली तर उघडण्याची जागा गेल्याचं दुःख कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि वर सांगितलेलं कारण त्याला बळच देतं: जागा गरजेपोटी आली होती, गरज संपली तशी ती गेली. पण हिशेब इथे थांबत नाही. बिघाड कमी झाले, संपले नाहीत, आणि जे उरले ते महाग झाले. पूर्वीचा खर्च थोडा थोडा, वारंवार, बराचसा मेहनतीच्या रूपात होता. आताचा एकरकमी, रोख आणि दुसऱ्याच्या दुकानातला आहे. ज्याच्याकडे नवा ट्रक आणि वॉरंटी आहे त्याला हा बदल फायद्याचा ठरला. पंधरा वर्षांचा जुना ट्रक घेऊन पोट भरणाऱ्या सुताराला, गवंड्याला, लहान शेतकऱ्याला तो तितका फायद्याचा ठरला नाही, कारण ट्रकचा वाईट काळ त्याच्याच वाट्याला येतो. शिवाय शिकण्याचा प्रश्न आहे. एका चुकीची किंमत महिन्याची कमाई असेल तर नवखा माणूस पाना हातात घेतच नाही, आणि न घेता कोणी कारागीर होत नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा ८५ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर केला, आणि २०१४ मध्ये मोटार उत्पादकांनी देशभरासाठी तसा करार मान्य केला. बिघाडाचे संकेत वाचण्याची साधनं आणि कारखान्याची माहिती स्वतंत्र गॅरेजना आणि मालकांना विकत मिळाली पाहिजे, हा त्याचा गाभा. ही लढाई योग्यच होती. पण ती माहितीची होती; जागेबद्दल त्यात एक ओळ नाही, आणि हात जाईल एवढं दार ठेवा असं कायद्याने सांगणं सोपंही नाही. दरम्यान २०२२ मध्ये फोर्डने एफ-१५० चा विजेवर चालणारा ट्रक आणला. इंजिन नसल्यामुळे बोनेटखाली जागाच जागा झाली, आणि तिथे सामान ठेवायचा कुलूपबंद कप्पा आला. दुरुस्तीचं खरं ठिकाण सरकलं ते खाली, सुमारे ४०० व्होल्टच्या बंदिस्त बॅटरीत. तिथे निसटलेला साधा पाना दोन जोडण्यांवर आडवा पडला तर तो उचलायला जाणाऱ्याचाच जीव धोक्यात येतो. म्हणून ते काम आवरण चढवलेली अवजारं, रबरी हातमोजे आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असलेल्यांसाठी राखलेलं आहे, आणि ट्रकच्या मालकाकडे वायपर, टायर आणि दिव्यांचं काम उरलं आहे.